काळ्या क्लॅडिंगवर सिरॅमिक ट्रिम कोटिंग: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

गाडीच्या क्लॅडिंगला, म्हणजे बाहेरच्या काळ्या प्लास्टिकच्या भागांना, हे पारदर्शक संरक्षक कोटिंग मार्चमध्ये लावलं, आता ऑक्टोबर संपत आलाय. दारांचं आणि चाकांच्या कमानींचं क्लॅडिंग अजून गडद काळं आहे. बंपरच्या खालच्या कडा थोड्या फिकटल्यात. वायपरखालची जाळी मात्र पुन्हा राखाडी पडली आहे. तिच्यावर दिवसभर वरून थेट ऊन आणि खालून इंजिनची धग असते, त्यामुळे तिथे कोटिंग सगळ्यात आधी जाणार हे धरूनच चालावं.

पैसे घालण्याआधी एक चाचणी कराच. प्लास्टिक धुवून ओलं करा. ओलं असताना काळं दिसलं तर पारदर्शक कोटिंग काम करेल. उन्हाने या प्लास्टिकचा (पॉलिप्रॉपिलिनचा) वरचा थर बारीक तडकलेला असतो आणि त्या तडांवर प्रकाश विखुरल्यामुळे पांढरट दिसतं. पाण्याने त्या तात्पुरत्या भरतात, कोटिंगने बऱ्याच दिवसांसाठी. ओलं करूनही राखाडीच राहिलं तर पारदर्शक कोटिंग घेऊ नका, काळा रंग असलेलं रिस्टोरर घ्या.

खरी मेहनत सफाईत आहे. ऑल पर्पज क्लीनर पाण्यात 1:10 करून फवारा, मध्यम ब्रशने घासा, वाळू न देता धुवा. वॉशिंग सेंटरवाल्यांनी मारलेलं डिझेल, टायर पॉलिश, जुनं सिलिकॉन, सगळं निघायला हवं. धुतल्यावर पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळत असतील तर काहीतरी शिल्लक आहे, पुन्हा घासा. पाणी सपाट पसरलं की समजायचं प्लास्टिक उघडं पडलं. प्लास्टिकच्या खडबडीत दाण्यांमध्ये वाळलेलं पांढरं वॅक्स जुन्या टूथब्रशनेच निघतं. मग ब्लोअरने फटींतलं पाणी काढा आणि पूर्ण वाळू द्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. पॅनेल जोडतात त्या फटीतून नंतर ओघळलेला एक थेंबसुद्धा ताज्या कोटिंगवर पांढरा डाग सोडतो.

पेंट आणि काचेच्या कडेला मास्किंग टेप लावा, कारण कोटिंग पेंटवर वाळलं तर ते पॉलिश करूनच काढावं लागतं. सावलीत, पॅनेल हाताला गार लागत असताना काम करा. तापलेल्या प्लास्टिकवर ते लगेच उडतं आणि पट्टे राहतात. अॅप्लिकेटरवर 5-6 थेंब, एका वेळी साधारण फूटभर भाग, आधी आडवा हात मग उभा. मिनिटभरात दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने जास्तीचं टिपून घ्या. टिपायचं राहिलं तर तिथे चमकदार चट्टा राहतो. तो ताजा असेल तर त्यावरच थोडं कोटिंग फिरवून लगेच पुसलं की सारखा होतो. सुकल्यावर अवघड. खडबडीत दाण्यावर चूक खपते, आरशाच्या गुळगुळीत बुडाशी अजिबात नाही. तासाभराने दुसरा हात दिला. दोन्ही हातांना मिळून 30 मिलीची बाटली मध्यम एसयूव्हीला पुरते. त्यानंतर 24 तास पाणी लागू देऊ नका.

पावसाळ्याच्या मध्यापासून पाण्याचे गोल थेंब दिसेनासे झाले, पण रंग टिकला. थेंब गेले म्हणजे कोटिंग गेलं असं समजून घाईने नवा हात देऊ नका. वॉशिंग सेंटरवर मात्र प्लास्टिकवर डिझेल आणि कडक फोम नको हे आधीच बजावून सांगा, साधा पीएच न्यूट्रल शॅम्पू बास.

खोबरेल तेल किंवा डॅशबोर्ड पॉलिशने दोन-चार दिवस काळं दिसतं, वर धूळ धरते, आणि पहिल्या जोरदार पावसात सगळं उतरतं. हीट गनने रंग खरंच परत येतो, पण पॉलिप्रॉपिलिन साधारण 160 अंशांला वितळतं आणि गनची हवा त्याच्या कितीतरी वर असते. हात क्षणभर थांबला की दाणे बसून गुळगुळीत डाग पडतो, आणि तो कशानेच जात नाही. शेजारचा पेंट फुगतो तो वेगळाच. ज्याच्याकडे बदलायला दुसरा भाग आहे त्यानेच हे करावं.

जाळीसाठी बाटलीत 4-5 मिली राखून ठेवायचा विचार असेल तर टोपी घट्ट लावा. हवेतल्या दमटपणाने हे कोटिंग बाटलीतच घट्ट होतं. स्फटिकासारखे कण दिसू लागले तर ते वापरू नका, पेंटवर ओरखडे पडतात. जाळी दर चार-पाच महिन्यांनी वायपरचे हात उचलून, तीच सफाई करून, एक हात देऊन घ्यायची.