ग्रेड टू-बी इमारतीची दुरुस्ती: वारसा परवानगी आणि संवर्धन सल्लागार यांच्या सेवेचा अनुभव

गिरगावातील आमची तीन मजली इमारत शंभरी ओलांडलेली आहे. सागवानी तुळया, लाकडी जिना, रस्त्याच्या बाजूने बिडाच्या ब्रॅकेटांवर पेललेली सलग गॅलरी आणि वर मंगलोरी कौले असे तिचे रूप आहे. ती महापालिकेच्या वारसा यादीत ‘ग्रेड टू-बी’ म्हणून नोंदलेली आहे, ही गोष्ट आमच्यापैकी बहुतेकांना दुरुस्तीची वेळ आली तेव्हाच नीट समजली. त्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या सोसायटीचा संबंध दोन सेवांशी आला: एक, वारसा इमारतीला हात लावण्याआधी घ्यावी लागणारी परवानगी आणि तिच्यामागची नियमावली, दुसरी, त्या परवानगीसाठी आणि प्रत्यक्ष कामासाठी नेमावा लागणारा संवर्धन वास्तुविशारद, म्हणजेच संवर्धन सल्लागार. ज्यांची इमारत यादीत आहे आणि ज्यांच्या सर्वसाधारण सभेत दुरुस्ती की पुनर्विकास यावर दोन तट पडले आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी नियमावलीविषयी, कारण सल्लागार चांगला की वाईट हे ठरवण्यापूर्वी तो कोणत्या चौकटीत काम करतो ते कळले पाहिजे. बृहन्मुंबईसाठीची वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली. विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ व्या नियमाने तिला कायद्याचे बळ दिले आणि २०३४ च्या विकास आराखड्याबरोबर आलेल्या नव्या नियमावलीत तिची जागा ५२ व्या नियमाने घेतली. त्याआधी कायद्याचे संरक्षण होते ते मुख्यतः पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील लेणी, किल्ले आणि स्मारकांना. माणसे राहतात, दुकाने चालतात, खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी असते, अशा घरांना आणि वाड्यांना कोणी वाली नव्हता. नगररचनेच्या नियमांतून, म्हणजे बांधकाम परवानगी जिथे दिली जाते त्याच टेबलावर, जुनी इमारत पाडण्याला आडकाठी करता येते, ही या नियमावलीची खरी देणगी आहे आणि ती मी मनापासून मोलाची मानतो.

ग्रेडचा अर्थ थोडक्यात असा. पहिल्या ग्रेडच्या इमारतीत आतबाहेर काहीही बदल करता येत नाही. तिला बळकटी देण्यापुरतेच काम चालते. दुसऱ्या ग्रेडमध्ये आतील बदलांना बरीच मोकळीक असते, बाहेरील बदल मात्र तपासले जातात, आणि टू-बी असल्यास त्याच भूखंडावर मूळ इमारतीशी सुसंगत असे वाढीव बांधकामही होऊ शकते. तिसऱ्या ग्रेडची इमारत परिसराच्या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते, पण ती कमकुवत झाली असेल किंवा अन्य पर्याय उरला नसेल तर पाडून नव्याने बांधण्याची वाटही नियमात आहे. प्रस्ताव मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे जातो, समिती आयुक्तांना सल्ला देते आणि अंतिम निर्णय आयुक्त घेतात. अपवादात्मक प्रसंगी त्यांना समितीचा सल्ला डावलता येतो, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. हे ‘लेखी नोंदवावी लागतात’ फार महत्त्वाचे आहे. तोंडी आदेशाने रातोरात भिंत पाडणाऱ्याला या एका अटीमुळे कागदावर यावे लागते.

आमच्या बाबतीत नियमावलीचा पहिला उपयोग हाच झाला. पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन आलेल्या विकासकाने ग्रेडचे नाव ऐकल्यावर घाई सोडली आणि आम्हाला विचार करायला अवधी मिळाला. तो अवधी मिळाला नसता तर सभेतला निर्णय वेगळा झाला असता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पुनर्विकास मागणाऱ्या शेजाऱ्यांची बाजूही मी हलकी मानत नाही. एकशे सत्तर चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या आहेत, संडास मजल्याच्या टोकाला आहे, आणि उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात नियमाप्रमाणे किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लाकडी जिन्याचे सौंदर्य सांगून भागत नाही. २०१२ मध्ये वारसा यादी वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दादर, शिवाजी पार्क, माटुंगा या भागांतील रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला, तो याच कारणांनी. यादीत घालणारी व्यवस्था त्या घरात राहणाऱ्याच्या गैरसोयीची किंमत मोजत नसेल, तर विरोध होणारच.

परवानगीसाठी लागणारी कागदपत्रे अशी: मालमत्ता पत्रक, सोसायटीचा ठराव, संरचनात्मक तपासणीचा अहवाल, इमारतीची मोजणी करून काढलेले नकाशे, प्रत्येक दर्शनी भागाची छायाचित्रे आणि कोणते काम कोणत्या साहित्याने कसे करणार याचे लेखी विवरण. यातील मोजणीचे नकाशे आणि कामाचे विवरण ही संवर्धन सल्लागाराची जबाबदारी असते आणि आमची फसगत इथेच झाली. आम्ही प्रथम नेमलेल्या सल्लागाराने (नाव देत नाही) गॅलरीच्या कठड्याचे मोजमाप न घेता दुसऱ्याच इमारतीच्या नकाशावरून नक्षी चढवली होती आणि लाकूडकामाच्या विवरणात ‘खराब तुळया बदलून लोखंडी गर्डर टाकणे’ एवढे एकच वाक्य होते. असा प्रस्ताव परत येणे रास्तच होते. पण त्यात आमचा एक पूर्ण पावसाळा गेला आणि त्या पावसाळ्यात मागच्या बाजूच्या दोन खोल्यांना टेकू लावावे लागले.

दुसऱ्या सल्लागाराची सेवा मात्र उत्तम होती आणि तिच्याविषयी मला जास्त लिहायचे आहे. पहिल्याच भेटीत त्या बाई वयस्क सुताराला बरोबर घेऊन आल्या. सुताराने शिडीवर चढून प्रत्येक तुळई लहान हातोडीने ठोकून पाहिली. मध्यावर खणखणीत आवाज येत होता आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकापाशी बद्द. म्हणजे तुळई धड होती, भिंतीतल्या ओलीने फक्त तिचे टोक कुजले होते. पहिल्या अंदाजपत्रकात बदलायला काढलेल्या बहुतेक तुळया अशा निघाल्या. कुजलेले टोक कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांध्याने बसवायचा, आणि मुख्य म्हणजे भिंतीत ओल कुठून येते ते शोधून ती थांबवायची, असे त्यांनी सुचवले. ओल येत होती ती पन्नासेक वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यातून. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढवले की भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. गवंड्याने तो गिलावा सोलून काढला तेव्हा आतल्या विटा हाताने चुरडता येत होत्या, आणि त्यांच्यावर मिठाचा पांढरा थर आला होता. मी त्या भिंतीला खेटून असलेल्या कॉटवर तीस वर्षे झोपलो आहे.

त्यानंतर अंगणात हौद बांधून कळीचा चुना भिजवला आणि अनेक आठवडे मुरू दिला. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून गिलावा केला. हे काम सावकाश होते. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही आणि ऊन कडक असेल तर ओले गोणपाट लावून ठेवावे लागते. सल्लागार बाई आठवड्यातून दोनदा येत, गवंड्याशी त्याच्या भाषेत बोलत आणि कुठे चुकले तर पुन्हा करायला लावत. बिडाच्या ब्रॅकेटांपैकी एक तुटलेले होते. त्याचा साचा शेजारच्या ब्रॅकेटवरून काढून नवे ओतून घेतले. आता रस्त्यावरून पाहिले तर नवे कोणते हे मलाही सांगता येत नाही.

खर्च. चुन्याच्या गिलाव्याचा दर सिमेंटच्या जवळजवळ दीडपट पडला. उलट तुळया वाचल्यामुळे लाकूडकामावर बराच पैसा वाचला. सल्लागाराचे शुल्क कामाच्या टक्केवारीवर न ठरवता टप्प्यांवर ठरवून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. टक्केवारी असली की काम वाढवण्यात सल्लागाराचा फायदा असतो, आणि संवर्धनात तर कमीत कमी बदलणे हेच कसब आहे.

नियमावलीतील उणीवही याच पैशापाशी आहे. ती इमारत पाडणे थांबवते, पण इमारतीचे पडणे थांबवत नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, हे याचे सर्वांत क्लेशदायक उदाहरण आहे. १८६० च्या दशकात बिडाच्या सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या या इमारतीत जुलै १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चलत्चित्र दाखवले गेले. ती यादीत होती, तरीही २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. यादीतल्या नोंदीने तिच्यावर हातोडा पडू दिला नाही, पण इतकी वर्षे तिच्या तुळयांना तेलपाणी कोणी करायचे याचे उत्तर त्या नोंदीत नव्हते. खोताची वाडी ही जुन्या बंगल्यांची वस्ती आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. तिथे एकेकाळी पासष्टच्या आसपास बंगले होते, आज त्यांच्या निम्मेही उरलेले नाहीत.

वारसा नियमामुळे न वापरता आलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, देण्याची तरतूद नियमावलीत आहे. मोठ्या भूखंडाच्या मालकाला तिचा आधार होऊ शकतो. पण आमच्यासारख्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीला पैसे काम सुरू होण्याआधी हवे असतात. जुन्या इमारतींवर घेतला जाणारा उपकर आणि वारसा दुरुस्ती यांची सांगड घालून, चुन्याच्या आणि लाकडाच्या कामाला स्वतंत्र दर मान्य केले, तर टेकू लावून ठेवलेल्या कितीतरी इमारतींचे काम मार्गी लागेल.

माझे मत विचाराल तर परवानगीची व्यवस्था कडक असली तरी समजण्याजोगी आहे. प्रस्ताव नीट तयार केला तर तिची अडचण होत नाही, आणि प्रस्ताव परत आल्यावर आलेले शेरे आमच्याच भल्याचे होते, हे आज स्पष्ट दिसते. सल्लागार निवडताना त्याने पूर्वी केलेली इमारत पावसाळ्यात जाऊन पाहावी, तिथल्या रहिवाशांशी बोलावे आणि भिंतीला हात लावून बघावा.

आमचे पुढच्या बाजूचे आणि जिन्याचे काम पूर्ण झाले आहे. टू-बी ग्रेडमध्ये आतील बदलांना मोकळीक असल्याने मागच्या बाजूला प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास आणि एक लहान लिफ्ट बसवण्याचा प्रस्ताव सल्लागार बाईंनी तयार केला आहे. त्याचे नकाशे मागच्या रविवारी जिन्याखालच्या फळ्यावर लावले, तेव्हा पुनर्विकासाच्या बाजूने मत देणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा लावून बराच वेळ ते पाहत उभे होते.