चिकट तवा घासावा की बिडाचा घ्यावा?

भाची नुकतीच नागपुरात मनीषनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. सामानात तीन वर्षं वापरलेला नॉनस्टिक तवा निघाला. कडेला हाताला चिकटणारा तपकिरी थर, आणि मधोमध धिरडं धरून बसायचं. "मावशी, हे धिरडं काहून चिकटून राहिलं? काही लावून घासू, कोटिंग करून घेऊ, की सरळ इतवारीतून बिडाचा तवा आणू?" अशी फोनवरच विचारणा. बऱ्याच घरांत हाच प्रश्न पडतो, म्हणून दोन्ही तवे शेजारी ठेवूनच सांगते.

तो तपकिरी थर म्हणजे मुळात तेलच. पातळ पसरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे कण एकमेकांना जोडले जातात आणि राळेसारखा पापुद्रा तयार होतो. साध्या साबणाला तो दाद देत नाही. गंमत अशी की बिडाच्या तव्यावर आपण हाच पापुद्रा मुद्दाम चढवतो, त्यालाच 'तवा मुरला' म्हणतो. एकावरून जे काढायचं, तेच दुसऱ्यावर जपायचं. त्यामुळे दोघांची निगा अगदी उलट.

आधी नॉनस्टिक. कढई असेल तर काम सोपं आहे. दोन कप पाणी, एक मोठा चमचा खायचा सोडा, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळी, मग गॅस बंद करून तसंच निवू द्यायचं. पाणी फिक्या चहासारखं होतं आणि कडेचे पापुद्रे सुटून वर तरंगतात. मग मऊ स्पंज. तव्यात पाणी मावत नाही, ही खरी अडचण. तिथे सोड्यात थेंब थेंब पाणी घालून घट्ट लेप करा, कडेला आणि दांड्याच्या रिबिटांभोवती थापा, वर ओलं फडकं टाकून अर्धा तास सोडा. रिबिटाच्या खाचेत जुना टूथब्रश चालतो. एका वेळेत सगळं निघत नाही. दोन-तीनदा करा, पण जोर लावू नका. मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीतून दुपारी नळाला इतकं कढत पाणी येतं की भिजवायला गॅसही पेटवावा लागत नाही.

सोडा खायचाच घ्या. मी एकदा घाईत धुण्याचा सोडा टाकून कढई उकळली. आतला लेप वाचला, पण बाहेरची ॲल्युमिनियमची बाजू काळीठिक्कर पडली. तीव्र सोड्याशी ॲल्युमिनियमचं जमत नाही. व्हिनेगरचं काम वेगळं आहे. बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच नॉनस्टिकवर डाग होऊन दिसतो. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लगेच चालतं; जळक्या तेलावर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणाऱ्यांना माझा नमस्कार. दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळपास खारट पाणी.

आता बिडाचा तवा. इथे जाडं मीठ, काथ्या, थोडं गरम पाणी, हवा तर थेंबभर साबण, आणि लगेच गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट. रोजचं काम एवढंच, पण ते रोज करावं लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात गंज धरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या हवेनेही धरतो, हे मला उशिरा कळलं. गंज आला तरी तवा फुकट जात नाही. घासून काढा, कोरडा करा, पुन्हा मुरवा. मुरवायला जवसाचं तेल उत्तम, आणि ते तर विदर्भाचंच. हवेत आणि उष्णतेत पटकन सुकून घट्ट होणारं तेल आहे, म्हणूनच ते रंगातही वापरतात. फक्त रंगाच्या दुकानातलं घेऊ नका, त्यात सुकवणारी रसायनं मिसळलेली असतात. घाण्याचं खायचं घ्या. थेंबभर लावून जवळजवळ सगळं पुसून टाकायचं, धूर येईस्तोवर तापवायचं, निवू द्यायचं, असं चार-पाच वेळा. जाड लावलं तर थर चिकट राहतो आणि पुढे पोपडे निघतात. आणि हो, त्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, पसरून वाळवा. सुकताना ती आतून तापते आणि पेटूही शकते.

निवड करताना घासणीपेक्षा आच जास्त मोलाची. नॉनस्टिकचा लेप म्हणजे बहुतेक वेळा पीटीएफई, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हाती तो शीतक वायूवर काम करताना अपघाताने लागला. साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तो बिनघोर असतो. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर पोचतो, आणि फुलके करताना आपण नेमका तोच, कोरडा आणि रसरशीत तापलेला तवा ठेवतो. ३५० अंशांच्या वर लेप विघटू लागतो. तो धूर माणसाला तापासारखा बाधतो आणि पिंजऱ्यातल्या लव्हबर्डचा जीवही घेऊ शकतो. लेपाचा कण पोटात गेला तर तो न पचता तसाच बाहेर पडतो, त्याची धास्ती त्यामानाने कमी.

म्हणून पोळी, ज्वारीची भाकरी, फुलके बिडाच्या किंवा लोखंडी तव्यावर. धिरडं, आमलेट, पाटवड्यांचं बेसन घाटणं नॉनस्टिकवर. अंबाडीची आंबट भाजी लोखंडात केली तर काळी पडते आणि मुरलेला थरही खाते. नॉनस्टिक कढईला आंबटाचं काही वाटत नाही. कोथिंबिरीची फोडणी (आमच्याकडे सांबाराची) दोन्हीत चालते, पण नॉनस्टिकमध्ये तेल धुरावू देऊ नका.

राहिलं कोटिंग. पीटीएफई नीट बसायला जुना लेप खरवडून काढावा लागतो आणि नवा ३२७ अंशांच्या वर, म्हणजे तो वितळेल इतक्या तापमानात, भट्टीत भाजावा लागतो. बाजारात कोणी स्वस्तात करून देत असेल तर त्याच्याकडे भट्टी आहे का, एवढं विचारा. मी स्वतः करून घेतलेलं नाही, आणि साध्या तव्यासाठी करणारही नाही.

भाचीला मी एकच परीक्षा सांगितली. सोड्याच्या लेपाने कड साफ झाल्यावर तवा उजेडात तिरपा धर. चकाकती रेघ दिसली, म्हणजे खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलंय. मग घासण्यात वेळ घालवू नकोस. रंग एकसारखा असेल आणि नुसता चिकटपणा असेल तर अजून दीड-दोन वर्षं निघतील. तळ फुगलाय का तेही ओट्यावर उपडा ठेवून बघ. तापलेला तवा थंड नळाखाली धरला की तो वाकतो, आणि मग धिरड्याचं तेल कडेलाच पळतं.

तिच्या तव्यावर तीन रेघा निघाल्या, तारेच्या घासणीच्या. तो आता बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. बिडाचा तवा आलाय, आणि धिरड्यांसाठी तिने नवा लहान नॉनस्टिक घेतला, लाकडी उलथण्यासकट. घासणी मात्र तिने बाईंच्या हाती द्यायच्या आधी स्वतः निवडली.