पाच अक्षरं, शेवटी टी: वर्ड फाइंडरसोबतचे आठ महिने

मी हे प्रकरण सुरू केलं ते हरल्यामुळे. वर्डल म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा खेळ. त्यात दुसऱ्या प्रयत्नाला 'टाइट' टाकला आणि मागची चार अक्षरं हिरवी झाली, म्हणजे अक्षरं आणि जागा दोन्ही बरोबर: आय, जी, एच, टी. म्हटलं, आता काय, खिशातच. मग लाइट, नाइट, राइट, साइट असे एकामागून एक टाकत गेलो आणि सहा प्रयत्न संपले. उत्तर होतं 'एट'. आठ या अर्थाचा, रोजच्या वापरातला शब्द. पण तो लाइट-नाइटशी यमक जुळवत नाही, म्हणून डोक्यात आलाच नाही. मी शब्द कानाने शोधत होतो आणि खेळ अक्षरांचा होता.

त्या रात्री एक वर्ड फाइंडर फोनवर घेतला. माहीत असलेली अक्षरं आणि शब्दाची लांबी द्यायची, तो यादी देतो. गेले आठ महिने जवळजवळ रोज वापरतोय.

पहिला महिना सरळ सरळ कॉपी केली, कबूल करतो. अडलं की यादी उघड, वरचा शब्द टाक. जिंकत होतो, पण मजा पार गेली. नंतर स्वतःलाच नियम घातला: खेळ संपल्याशिवाय यादी उघडायची नाही. खरा उपयोग तिथून सुरू झाला.

आय-जी-एच-टीची यादी पाहिल्यावर कळलं की हा सापळाच आहे. पहिलं अक्षर तेवढं बदलणारे नऊ-दहा शब्द, आणि हातात प्रयत्न चार. अशा वेळी एकेक करून टाकणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्यापेक्षा 'स्नार्ल'सारखा शब्द टाकायचा. तो उत्तर असूच शकत नाही, पण एस, एन, आर, एल ही चारही अक्षरं एका फटक्यात तपासून होतात. (हार्ड मोडमध्ये ही युक्ती चालत नाही, तिथे मिळालेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात.) ए-टी-सी-एचचं असंच: कॅच, मॅच, वॉच, पॅच, बॅच, हॅच, लॅच. ओ-यू-एन-डीचं तर विचारूच नका.

आपल्याला देवनागरीची सवय. 'थ्रू' लिहायला एक जोडाक्षर पुरतं, इंग्रजीत त्याला सात अक्षरं लागतात. 'क्यू' म्हणजे रांग, त्यात पाचपैकी चार स्वर. उलट 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये नऊ अक्षरं आणि स्वर एकच. हे सगळे शब्द मला शाळेपासून येत होते, पण असे कधी दिसले नव्हते. एकदा सहज ओ असलेले आठ अक्षरी शब्द मागितले तर यादीत तीन ओंचा 'मंगूस' आला. म्हणजे आपलंच मुंगूस! इंग्रजीने हा शब्द मराठीतूनच उचललाय.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे पिवळ्या चौकोनाची सोय नाही. 'हे अक्षर शब्दात आहे, पण या जागी नाही' हे त्याला सांगताच येत नाही. मग साठ-सत्तर शब्दांतून डोळ्यांनी गाळत बसा. दुसरी, ई दोनदा लिहिला तरी तो एकच धरतो. तिसरी, दुर्मिळ आणि नेहमीचे शब्द एकाच ओळीत. वर्डलच्या मूळ उत्तरांच्या यादीत २,३१५ शब्द होते, पण खेळात टाकता येणारे शब्द सुमारे १३ हजार. माझा फाइंडर या दोन्हींत फरक करत नाही. शेवटी एस लावलेली साधी अनेकवचनं तर ढिगाने, आणि ती उत्तर म्हणून जवळपास कधीच येत नाहीत.

स्क्रॅबलमध्ये, म्हणजे हातातल्या अक्षरांतून पटावर शब्द जुळवायच्या खेळात, वेगळीच फजिती झाली. धाकट्या बहिणीशी फोनवर खेळताना मोठ्या ऐटीत सी-एच हा दोन अक्षरी शब्द लावायला गेलो, तर खेळाने परत केला. फाइंडर कॉलिन्स या ब्रिटिश कोशाची यादी दाखवत होता, खेळ उत्तर अमेरिकेची यादी मानत होता. कॉलिन्सच्या २०१९च्या यादीत दोन अक्षरी शब्द १२७, तिकडच्या २०१८च्या यादीत १०७. कुठली यादी वापरतोय हे स्क्रीनवर लिहायला काय जातं? बहीण अजून चिडवते.

क्यू-आय हा शब्द मात्र दोन्ही याद्यांत चालतो. एकट्या क्यूचे दहा गुण, आणि यू हातात नसला तरी अडत नाही. फकीर, निकाब हेही क्यूने लिहिता येतात, यूशिवाय. हे चार-पाच शब्द पाठ करणं हाच आठ महिन्यांतला सगळ्यात फायद्याचा सौदा.

शब्दसंग्रह वाढला का? खरं सांगायचं तर फारसा नाही. अर्थ पाहायचा तर शब्दावर दाबून दुसऱ्या पानावर जावं लागतं, आणि तेवढा धीर खेळताना नसतो. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, २०२४ मध्ये स्पॅनिशचेही. अक्षरं आणि अर्थ किती वेगळे राहू शकतात ते त्यांच्याकडे पाहून कळतं. माझ्याकडे त्यांची स्मरणशक्ती नाही, त्यामुळे अर्थ न कळलेला शब्द आठवड्यात पुसला जातो. म्हणून हल्ली रोजच्या यादीतला एकच अनोळखी शब्द वहीत लिहितो, अर्थासकट. मुलांच्या इंग्रजीसाठी कोणी घेणार असेल तर वहीही सोबत घ्या, नुसती यादी काही शिकवत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. पिवळ्या चौकोनाची सोय दिली तर चार देईन. तसं त्यांना दोनदा कळवलंय, अजून उत्तर नाही.