एलीचं अस्वल केंद्र: थंडीच्या तोंडावर जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एली गावचं नॉर्थ अमेरिकन बेअर सेंटर काळी अस्वलं जवळून पाहायला उत्तम, पण ऑगस्ट उलटायच्या आत जा. जंगलातली अस्वलं तेव्हा बेरी, हेझलनट शोधत दिवसाचे २० तासही चरतात. दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत पोटात ढकलतात. कुंपणातल्यांना आयतं मिळतं, त्यामुळे सप्टेंबरात ती बरेचदा समोरचं खाणं नुसतं हुंगतात आणि पेंगतात. आजारी नसतात, ऋतूचा परिणाम असतो तो. काचेतून फोटो काढताना लेन्स काचेला टेकवा, नाहीतर अस्वलाऐवजी स्वतःचंच प्रतिबिंब येतं. चालताना डुलणारं चरबीचं पोट मात्र नक्की बघा!