पाळी जायच्या वयात शुगर कशाने मोजावी: बोट टोचून, तीन महिन्यांच्या तपासणीने की सेन्सरने?

जाऊबाईंचं वय 47. शुगरची गोळी आठ वर्षांपासून चालू. गेली दोन वर्षं पाळीचा काही मेळ नाही. दोन-दोन महिने गायब, आणि आली की दहा दिवस थांबायचं नाव नाही. शुगरचंही तसंच. तीच भाकरी, तीच गोळी, पण आज 130 तर परवा 210. परवा सेलूहून फोन आला, "दंडावर चिकटवायचं ते मशीन घ्यावं का गं? पोरगं मागं लागलंय."

शुगरच्या या खेळात त्यांची चूक फारशी नाही. या वयात इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंगातलं पाळीचं संप्रेरक (हार्मोन), हळूहळू ओसरत नाही, हेलकावे खातं. ते कमी पडलं की इन्सुलिनचा असर कमी होतो. त्यात रात्री अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, आणि झोप मोडली की शुगर चढते. प्रश्न एवढाच, की हे हेलकावे पकडायचे कशाने.

आपल्याकडे सगळी भिस्त तीन महिन्यांच्या शुगरवर, म्हणजे एचबीए१सीवर. उपाशी राहायला नको, एकदा रक्त दिलं की झालं. पण ती सरासरी आहे. 7 आलं म्हणजे सरासरी साधारण 154. त्यात 80 किती वेळा आणि 250 किती वेळा, ते कळत नाही. खरी गोम पुढं आहे. ही तपासणी हिमोग्लोबिनवर चालते. अंगावरून जास्त जाऊन लोह कमी झालं असेल तर आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट नुकताच खूप रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा लोहाच्या गोळ्या नुकत्याच लागू पडत असतील, तर कमी दिसू शकतो. म्हणजे ज्या वयात पाळी बेभरवशाची, त्याच वयात ही तपासणीही थोडी बेभरवशाची. त्या कागदावरून गोळी वाढवण्याआधी हिमोग्लोबिन पाहिलं का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

घरचं ग्लुकोमीटर दिसायला साधं, पण एका गोष्टीत त्याला तोड नाही. दरदरून घाम, छातीत धडधड, हात थरथर: ही पाळी जायच्या वयातली वाफ, की शुगर उतरली? अंदाजाने सांगता येत नाही. बोट टोचलं की लगेच कळतं. 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर हे मशीन घरात हवंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर शुगर सहसा इतकी उतरत नाही. एका पट्टीला वीसेक रुपये पडतात, म्हणून बायका पट्ट्या जपून वापरतात. पण आपल्याकडच्या उन्हात जपायची गोष्ट वेगळी आहे. मे महिन्यात पारा 42च्या वर जातो आणि पट्ट्यांची डबी चुलीजवळच्या फळीवर! उष्णतेने पट्ट्या खराब होतात, आकडा चुकतो. फ्रिजमध्येही नको, घरातल्या थंड कोपऱ्यात झाकण घट्ट लावून ठेवा. आणि आंबा चिरलेल्या हाताने बोट टोचू नका, 300 दिसेल.

दंडावर चिकटवायच्या सेन्सरची हौस मला समजते. चौदा दिवस, दिवसरात्र आलेख दिसतो. पहाटे तीनला काय होतं तेही. पण एका सेन्सरला चार-पाच हजार लागतात, आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, आणि त्या दंडावर झोपलं की उगीच कमी दाखवतो. कायमचा घ्यायची गरज फार थोड्यांना. रात्री शुगर उतरते अशी शंका असेल किंवा इन्सुलिनचा डोस बसत नसेल, तर एकदाच लावून आलेख डॉक्टरांना दाखवावा.

जाऊबाईंना म्हटलं, आधी चार आठवडे वही करा: उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, आठवड्यातून तीन दिवस, शेजारी पाळीची तारीख. गोळी मात्र मनाने कमी-जास्त करू नका.

वही भरली. आकडे बहुतेक 140 ते 170च्या आतले, तीन महिन्यांची शुगर मात्र 8.1. काही जमेना. मग हिमोग्लोबिन केलं, 8.6 निघालं, म्हणजे बरंच कमी. आता सेन्सर राहिला बाजूला, पुढच्या आठवड्यात परभणीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नंबर लावलाय.