गूगल ड्राइव्ह: रेंज जाते-येते अशा गावात कितपत कामाचं?

श्रीवर्धन, गुहागर, देवगडकडे होमस्टे किंवा आंब्याचा धंदा चालवणाऱ्याच्या फाइल्स एका जागी कधीच नसतात. हिशोब घरातल्या कॉम्प्युटरवर, बागेचे आणि खोल्यांचे फोटो फोनवर, आणि बुकिंगचा तक्ता मुंबईतल्या भावाच्या लॅपटॉपवर. सगळ्यांना एकच फोल्डर दिसायला हवा असेल, तर फाइल्स इंटरनेटवर ठेवणाऱ्या फुकट सेवांत आम्ही गूगल ड्राइव्हलाच पहिली पसंती देऊ. १५ जीबी जागा मिळते. वनड्राइव्ह ५ जीबी देतं, तर ड्रॉपबॉक्स फुकटात २ जीबी आणि तेही तीनच उपकरणांवर.

मात्र हे अ‍ॅप चोवीस तास इंटरनेट आहे असं धरून चालतं. आपल्याकडे पहिली सेटिंग बदलायची ती इथेच.

कॉम्प्युटरवर 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' हे गूगलचं सॉफ्टवेअर टाकलं की फाइल्स आपोआप 'स्ट्रीम' पद्धतीवर जातात. 'जी' ड्राइव्हमध्ये नावं दिसतात, पण फाइल असते गूगलकडे आणि उघडताना ती खाली उतरते. पावसात केबल तुटली की नाव समोर दिसतं, फाइल उघडत नाही. उपाय सोपा आहे. खाली घड्याळाजवळच्या ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करा, दातेरी चाकातून 'प्रेफरन्सेस' उघडा, 'गूगल ड्राइव्ह' निवडून 'मिरर फाइल्स'वर खूण करा. मग 'माय ड्राइव्ह'मधली प्रत्येक फाइल (गूगल डॉक्स-शीट्स सोडून) हार्ड डिस्कवरही राहते आणि गूगलकडेही. डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी. विंडोज १२८ जीबीच्या छोट्या एसएसडी डिस्कवर असेल तर फोल्डर दुसऱ्या, 'डी' ड्राइव्हवर ठेवा.

दोन्हीकडे प्रत का, ते कोकणात वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आलं, तेव्हा वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. तिथे डिस्कवरचीच प्रत कामाची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरमधलं गेलं ते गेलं. तिथे गूगलकडची प्रत हवी होती.

फोनवर मिरर नाही. सातबारा, विमा पॉलिसी, बुकिंगचा तक्ता अशा फाइलपुढच्या तीन टिंबांवर दाबून 'ऑफलाइन उपलब्ध करा' निवडावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण घाटात किंवा बागेत रेंज नसताना तेवढ्याच फाइल्स उघडतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये फक्त वाय-फायवर फाइल पाठवण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो.

अपलोडचा वेळ आधी मोजून घ्या. फोनचा एक फोटो साधारण ४ एमबीचा, म्हणजे ५०० फोटो २ जीबी झाले. अपलोडला २ एमबीपीएसचा वेग मिळत असेल तर सव्वादोन तास लागतात. तेवढ्यात लाईट गेली तर राउटर बंद. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालतील असा डीसी मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, घ्यावा. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो एक्सेलच्या फाइलचा. नेट नसताना घरी आणि मुंबईत एकाच वेळी तीच फाइल भरली, तर नेट आल्यावर दोन प्रती होतात किंवा एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या खाली गाडल्या जातात. पेट्यांचा किंवा खोल्यांचा तक्ता गूगल शीट्समध्येच ठेवा. तिथे सगळ्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात जमा होतात. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा मात्र ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नका. टॅली लिहीत असतानाच सिंक, म्हणजे फाइल गूगलकडच्या प्रतीशी जुळवणं, सुरू झालं तर डेटा बिघडू शकतो. रोज बॅकअप काढून ती फाइल फोल्डरमध्ये टाका.

जुनी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर फोनवर ती अगम्य अक्षरं होऊन उघडतात. ड्राइव्हचा यात दोष नाही, त्या फोनवर तो फॉन्टच नसतो. अशा फाइल्सची पीडीएफ करून ठेवा.

सामाईक फोल्डरमध्ये जो फाइल टाकतो, जागा त्याच्या खात्यातली जाते आणि मालकीही त्याचीच राहते. भावाने खातं बंद केलं तर त्याच्या फाइल्सही गेल्या. म्हणून महत्त्वाचे कागद एकाच, धंद्याच्या खात्यातून चढवा. पाहुण्यांच्या आधारच्या प्रती असलेल्या फोल्डरला 'लिंक असलेला कोणीही' ही परवानगी कधीही देऊ नये. घरातल्यांचे ईमेल घालूनच शेअर करा.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकाने फाइल पुसली की ती सगळीकडून जाते. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, नंतर नाही. सीझन संपला की, पाऊस सुरू होण्याआधी, पूर्ण फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी ठेवावी.

१५ जीबीत जीमेल आणि गूगल फोटोही येतात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपसुद्धा. जागा भरली की ड्राइव्हमध्ये नवी फाइल चढत नाही आणि जीमेलवर मेलही येईनासा होतो. आधी व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. तरी पुरलं नाही तर १०० जीबीचा प्लॅन घ्यावा, होमस्टेवाल्याला तो पुरून उरतो.

शेवटची अडचण लॉगिनची. नव्या लॅपटॉपवर खातं उघडताना ओटीपी मागितला आणि घरात रेंज नसली, तर काम तिथेच थांबतं. गूगल खात्याच्या सेटिंगमधल्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनमधून ओटीपीऐवजी वापरायचे १० बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर छापून घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरला की त्यावर काट मारा.