डिजिटल सातबारा : उतारा मिनिटांत, दुरुस्ती हेलपाट्यांत

महाभूमीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, गट क्रमांक टाकायचा, १५ रुपये भरायचे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लगेच उतरवून घेता येतो. याच कागदासाठी पूर्वी तलाठी सज्जावर कधी भेटतात ते विचारत फिरावं लागायचं, त्यामुळे या भागाला पूर्ण गुण. तक्रार त्यापुढची आहे. ती स्वाक्षरी एवढंच सांगते की नक्कल सरकारदरबारच्या नोंदीबरहुकूम आहे. नोंदच चुकलेली असेल तर चूकसुद्धा सहीसकट छापून येते, आणि ती दुरुस्त करायचा रस्ता उताऱ्याइतका सोपा नाही.

पैसे भरण्याआधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा फुकटचा उतारा उघडून बघावा. तो फक्त माहितीसाठी असतो, बँकेत किंवा कोर्टात चालत नाही, पण गट क्रमांक बरोबर निवडला की नाही ते तिथे कळतं. घोळ होतो तो हिश्श्यांत. ११२/१/अ आणि ११२/१/ब शेजारी-शेजारी दिसतात, घाईत भलत्याचाच उतारा उतरतो. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो आणि एकत्रीकरण झालेल्या गावात आता गट नंबर चालतो. दोन्ही एकच समजून शोधलं तर निघणारी जमीन दुसऱ्याची असते.

उतारा हातात आला की आधी क्षेत्राची बेरीज करा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक लोक तेच करत नाहीत. समजा लागवडीयोग्य क्षेत्र १.५०.०० आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, ०.१२.००, म्हणजे एकूण १.६२.०० हेक्टर-आर-चौरस मीटर. दोन भावांचं निम्मं-निम्मं, म्हणजे पोटखराबा धरून प्रत्येकी ०.८१.०० हवं. उताऱ्यावर एकाचं ०.८१.०० आणि दुसऱ्याचं ०.१८.०० असेल तर बेरीज ०.९९.०० भरते. ६३ आर कुठेच नाहीत. हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर चढवताना आकडे उलटे पडले, एवढंच याचं कारण. पण विक्री, कर्ज, वाटणी सगळं त्या एका आकड्यापाशी अडतं. गुंठे आणि आर यांतही अशीच गल्लत होते. १ एकर म्हणजे ४० गुंठे, पण आरमध्ये ते ४०.४७ होतात. ४० गुंठ्यांची नोंद ०.४०.०० अशी लागली तर ४७ चौरस मीटर कमी लागले.

पुढे नावं बघा. कंसात असलेली किंवा रेघ मारलेली नावं कमी झालेली आहेत. एकाच माणसाची दोन खाती असणं सर्रास आढळतं, एक ‘रामचंद्र’ नावाने आणि एक ‘रामू’ नावाने, त्यामुळे आठ-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा, काढला तर निम्मीच जमीन दिसते. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचं नाव सातबाऱ्याशी ताडून बघतात, तिथे हा फरक हमखास नडतो. नव्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, क्रमांक आणि तारीख असते, प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही लिहिलेलं असतं. दुरुस्तीची किल्ली या फेरफार क्रमांकातच आहे.

कारण पहिला प्रश्न हा की चूक शिरली कुठे. फेरफाराची नक्कल, म्हणजे गाव नमुना ६, काढून बघा. फेरफारात बरोबर आणि सातबाऱ्यावर चूक असेल तर ती लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, ठरते. असं प्रकरण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे चालतं. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल, उदाहरणार्थ वारस नोंदीत मुलीचं नावच घातलं नाही, तर तिथे १५५ सहसा लागू पडत नाही. त्यासाठी कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं, आणि त्याची मुदत ६० दिवसांची. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. अपिलाचं प्रकरण १५५ खाली दिलं की काही महिन्यांनी ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागावी’ एवढा एक शेरा हातात पडतो. अर्ज घेणाऱ्याने टेबलावरच हे सांगायला हवं, ते सांगितलं जात नाही. या सेवेतला सर्वांत मोठा दोष हाच.

१५५ च्या अर्जाला चार कागद लावा : चालू डिजिटल सातबारा, संगणकीकरणाआधीच्या हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल, संबंधित फेरफाराची नक्कल आणि ओळखपत्र. हस्तलिखित नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. ती नसेल तर संगणकीकरणात पडलेली तफावत दाखवणं कठीण जातं. अर्जात ‘क्षेत्र चुकले आहे’ असं मोघम लिहू नका. गट अमुक, खाते अमुक, ‘०.१८.०० ऐवजी ०.८१.००, फेरफार क्रमांक अमुक’ असं लिहा. सहहिस्सेदारांचे संमतीचे जबाब आधीच जोडले तर नोटीस बजावण्यात जाणारा वेळ बराच वाचतो.

ई-हक्कवरून घरबसल्या अर्ज करायची सोय चांगली आहे. वारस नोंद, बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) चढवणं किंवा कमी करणं, मयताचं नाव कमी करणं आणि हस्तलिखित-संगणकीकृत तफावत हे सगळं तिथून होतं. अर्ज क्रमांक मिळतो, त्यामुळे ‘तुमचा कागद आलाच नाही’ हे ऐकावं लागत नाही. पण कागद अस्पष्ट स्कॅन झाला की अर्ज त्रुटीत निघतो, म्हणून आठवड्यातून एकदा स्थिती बघत राहावी. बोजाच्या बाबतीत बँकेचा नुसता बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, पुरत नाही. बोजा कमी करण्याबद्दलचं पत्र वेगळं घ्यावं लागतं. सोसायटी आणि बँक असे दोन बोजे असतील तर दोघांची पत्रं वेगवेगळी.

आता सर्वांत फसवी जागा. तहसीलदारांचा आदेश झाला म्हणजे सातबारा दुरुस्त झाला असं नाही. आदेशाची प्रत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे) जाते, तो त्यावरून फेरफार घेतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि मगच उताऱ्यावर बदल उमटतो. आदेश फाइलमध्येच राहिला तर वर्षभराने काढलेल्या उताऱ्यावरही जुनाच आकडा दिसतो. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. मग ‘आपली चावडी’ या फेरफाराच्या नोटिसा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या गटाचा फेरफार दिसतो का ते बघा. नवा उतारा तो प्रमाणित झाल्यावरच काढा, नाहीतर १५ रुपये पुन्हा भरावे लागतील.

आणि एक. डिजिटल उताऱ्यावर सही-शिक्क्याची गरज नाही असं खाली छापलेलं असतं, तरी काही टेबलांवर शिक्का मागतात. फोनमध्ये फाइल उघडली की स्वाक्षरीपाशी प्रश्नचिन्ह दिसतं, तेवढ्यावरून उतारा खोटा ठरत नाही. उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक त्यांच्यासमोरच संकेतस्थळावर टाकून दाखवा.